आमची वाटचाल: एक वही, एक बस आणि एकतीस पासपोर्ट

2004 साली जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन होतं. दहा वर्षांनी एकदा येणारी संधी. फादरांनी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर विचारलं, "बस कोण ठरवतंय?" मी हात वर केला. आमच्या यात्रा-सहलींच्या धंद्याचा शुभारंभ म्हणाल तर हाच. भांडवल म्हणजे दोनशे पानी वही आणि एक ड्रायव्हरमामा. मामा पंढरीचे वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. आंबोली घाटात धुकं आलं की पुढे मामांचं "विठ्ठल विठ्ठल" आणि मागे आमच्या बायकांची रोझरी. से कॅथेड्रलच्या रांगेत मामाही आमच्याबरोबर उभे राहिले. "आम्हाला रांगेची सवय आहे," म्हणाले.

पुढे हरेगावच्या मतमाउलीची यात्रा, 29 ऑगस्टच्या ध्वजारोहणाला वेळांकणी, मग हळूहळू फ्रान्सचं लूर्द, पोर्तुगालचं फातिमा, येशूची पवित्र भूमी. त्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. गाड्या वेळेवर गेल्या, वेळेवर आल्या.

पवित्र भूमीची सहल विकायला कुणीही विकतो. अम्मान, नेबो पर्वत, अ‍ॅलनबी पूल, बेथलेहेम, जेरुसलेम, गालील, ताबा, सीनाय, कैरो हा क्रम काही गुपित नाही. खरं काम आधीचं. प्रत्येक ठिकाणी मिस्साची वेळ फ्रान्सिस्कन मंडळींकडे, म्हणजे ती स्थळं सांभाळणाऱ्या संन्याशांकडे, आधी मागून घ्यायची. फादरांचं सेलेब्रेट, म्हणजे बिशपांचं पत्र, बरोबर आहे ना ते पाहायचं. माझी मिस्साची छोटी पेटी अजून तीच आहे: आत मखमल, कॅलिस, म्हणजे द्राक्षारसाचा पेला, रुतून बसेल एवढा खळगा, होस्तियाचा, म्हणजे प्रसादाच्या भाकरीचा, डबा, इस्त्री केलेली वस्त्रं. तिची कडी मी तीनदा बदलली, पेटी नाही.

आता तो पुण्याकडचा सहलवाला. नाव घेत नाही. त्यांनी आमचं पत्रक उचललं. उचललं म्हणजे कसं, तर आमच्या छपाईत 'काना', म्हणजे येशू लग्नाला गेला ते गाव, जिथे जोडपी वचनं पुन्हा घेतात, सहाव्या दिवशीही होतं आणि चुकून सातव्या दिवशीही. त्यांच्या पत्रकातसुद्धा जोडपी लग्नाची वचनं दोनदा घेणार होती! दर मात्र आमच्यापेक्षा कमी. ताब्याचा सीमाकर आणि ड्रायव्हर-गाईडची टिप त्यात धरलेली नाही, हे लोकांना तिकडे गेल्यावर कळायचं.

आणि मग ऑगस्ट 2019. सांगलीत मारुती रोडवर तळमजल्याला आमचा गाळा. 2005 च्या पुरात पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन परतलं होतं, त्या हिशेबाने मी कॉम्प्युटर माळ्यावर चढवला आणि कपाटाला कुलूप लावून घरी गेलो. कपाटाच्या खालच्या कप्प्यात इजिप्तच्या व्हिसासाठी गोळा केलेले एकतीस पासपोर्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली.

पाणी ओसरल्यावर कुलूप उघडेना. मामांनी पहारीने कपाट फोडलं. पासपोर्ट पुरणपोळीसारखे फुगलेले, पानांमध्ये गाळ, शिक्क्यांची शाई विरघळून जांभळी झालेली. दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. एकोणीस वाया गेले. सप्टेंबरचं प्रस्थान नोव्हेंबरवर ढकललं. त्याच आठवड्यात त्या सहलवाल्याचे आमच्या माणसांना फोन: "तुमचे पासपोर्ट वाहून गेलेत, आमच्याकडे या." वाहून गेले नव्हते, भिजले होते. अकरा जण गेले. गेले ते गेले, पण त्यातले दोघे मी ज्यांच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला जेवलो ते.

मिरजेच्या एक मावशी, निवृत्त नर्स, पहिल्या गोव्याच्या बसमध्ये खिडकीपाशी होत्या. त्या आल्या, पदर खोचला आणि वाडग्याने गाळ उपसायला लागल्या. जाताना पिशवीतून दुसरा हप्ता काढून टेबलावर ठेवला. टेबलही ओलंच होतं. मी म्हटलं, "मावशी, पासपोर्टच नाही तुमचा." म्हणाल्या, "तो सरकार देईल. पैसे धर, बाळा, नाहीतर खर्च होतील माझे." त्या जोरावर बाकीचे एकोणीस थांबले. पुण्याच्या फेऱ्या, नवे नंबर, सगळ्या याद्या परत टाईप. नोव्हेंबरला वीस जणांना घेऊन निघालो, पंचवीस धरून ठरवलेला दर तसाच ठेवून. तोटा किती ते बायकोलाही सांगितलं नाही.

सांगायचं म्हणजे, पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा ठेवू नका. आपल्याकडे बाप्तिस्म्याचं नाव एक, आधारवर दुसरं, असं चालतं. विमानतळावर चालत नाही. मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने हवी. सीनाय पर्वत चढायला नवे बूट घालू नका. आणि एजंटाने पासपोर्ट मागितला तर तो कुठे, कितव्या मजल्यावर ठेवणार ते विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं.

कोविड आणि ऑक्टोबर 2023 नंतरचं युद्ध यांत सगळ्यांचीच विमानं जमिनीवर होती, त्याचं वेगळं काय सांगणार. 2025 च्या पवित्र वर्षात रोमला गट नेला. मावशी त्या वर्षापुरत्या उघडणाऱ्या पवित्र दारातून गेल्या आणि बाहेर येऊन तक्रार केली की पासपोर्टात शिक्का नीट उमटलेला नाही. जेरुसलेमच्या वेळीही हीच तक्रार. इस्रायलवाले शिक्का मारतच नाहीत, हातात चिठ्ठी देतात.

गाळा आता पहिल्या मजल्यावर आहे. परवा एका धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या वस्तीच्या, सणाला शेजारीच त्या सहलवाल्याचं टेबल होतं. पोरगा नवीन होता, त्याने मलाच पत्रक दिलं. उलटून पाहिलं. काना अजून दोनदा आहे.