जळगावातलं माझं पहिलं एकल चित्रप्रदर्शन

मी माणसं रंगवतो. रावेर-सावद्याकडचे केळी कामगार बरीच वर्षं माझ्या कॅनव्हासवर आहेत. कुणी खांद्यावर घड पेलतोय, कुणी ट्रकच्या सावलीत डबा उघडलाय. आमच्याकडच्या चित्रकाराचे डोळे मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीकडे लागलेले असतात. अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. तरी पहिलं प्रदर्शन जळगावातच मांडायचं, हा माझा हट्ट होता. ज्यांचे चेहरे मी रंगवले, ते रोज बुडवून मुंबईला कसे येणार? छायाचित्रकार केकी मूस यांनी तर चाळीसगावच्या आपल्या घरात राहूनच आयुष्यभर काम केलं.

‘आता माणसं कोण घेतं, अमूर्त करा’ असा सल्लाही मिळाला. मला तो पटला नाही. इथून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याच भिंतींवर चवरी ढाळणाऱ्या दासीही तितक्याच जीव लावून काढल्यात. एवढा वारसा उशाशी असताना मी माणूस का सोडू?

हॉल मिळाला तो लग्नकार्याचा, भिंतीला खिळा लावायची मनाई. मंडपवाल्याकडून लोखंडी सांगाडे घेतले, त्यावर प्लायवूड ठोकून पांढरा रंग दिला. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 58 इंचांवर ठेवला, म्हणजे उभ्या माणसाची नजर सरळ पडते. पावसाळी हवेने काही कॅनव्हास सैलावले होते. चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी मागून हलक्या हाताने ठोकल्यावर ताणले गेले. खरा वैताग दिव्यांचा. ट्यूबलाइट तैलरंगावर अशी चमकायची की चेहऱ्याच्या जागी नळीच दिसावी. त्या बंद करून वरून तिरके स्पॉटलाइट सोडले. सर्वांत नवं चित्र व्हार्निशविना लावलं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं, वरून सुकलं तरी आत ओल असते, म्हणून सहा महिने तरी थांबायला हवं.

उद्घाटनाच्या भाषणांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रविवारी सावद्याहून कामगार आले, बायकापोरांसह. केळीचा चीक अंगावर पडताना पाण्यासारखा असतो, पण नंतर त्याचा काळपट तपकिरी डाग पडतो आणि तो कितीही धुतला तरी जात नाही. हे डाग मी बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाच्या पातळ थरांनी, एकावर एक चढवत आणले होते. एक वयस्कर बाबा एका पाठमोऱ्या कामगाराच्या चित्रापुढे बराच वेळ थांबले. म्हणाले, “भाऊ, हा डाव्या खांद्यावर घड घेतो. डाग पाहा ना, सारे डाव्या अंगाला हायेत.” मॉडेल म्हणून बसलेला माणूस खरोखरच डाव्या खांद्याचा आहे. चित्र इतकं नीट वाचलेलं मी क्वचितच पाहिलंय.

किमती मी कॅनव्हासच्या चौरस इंचांवर लावल्या आणि यादी टेबलावर ठेवली, चित्राखाली नाही. मॉडेलना बसल्या दिवसाची मजुरी आधीच दिली होती, शिवाय प्रत्येकाला त्याच्या चित्राची फ्रेम केलेली प्रिंट दिली. पुढचं प्रदर्शन सावद्यातच करायचंय. चांगल्या छताची, कोरड्या जमिनीची एखादी शेड शोधतोय.