एजवूडची भांगलण

सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेला निघालं की 280 क्रमांकाचा हमरस्ता डोंगराच्या कुशीतून जातो. रेडवूड सिटीच्या वर, त्या रस्त्याला अगदी खेटून, एजवूड नावाचं 467 एकरांचं उद्यान आहे. मालकी सॅन माटेओ काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाची. रेंजर काउंटीचे, दरवाजे उघडणं-मिटणं, वाटांची मोठी दुरुस्ती, नियम, दंड, सगळं काउंटीचं. बाकी पुष्कळसं काम आमच्या संस्थेचं. ‘फ्रेंड्स ऑफ एजवूड’ असं तिचं नाव, आणि तिच्यात पगारी माणूस एकही नाही. वसंतात शनिवार-रविवारी लोकांना फुलं दाखवत फिरवणारे मार्गदर्शक, शिक्षण केंद्रात बसणारे, नकाशे आणि पत्रकं करणारे, शुक्रवारी तण उपटणारे, सगळे स्वयंसेवक. मी मार्गदर्शक आहे, आणि जमेल तेव्हा शुक्रवारी तण काढायलाही जाते.

इथवर ही जागा पोचली ती भांडणातून. साठच्या दशकात राज्य सरकारनं ती कॉलेजसाठी घेतली होती. कॉलेज झालं नाही. 1980 मध्ये जमीन सार्वजनिक उद्यानासाठी घेतली गेली आणि लगेच तिथं गोल्फ कोर्स करायचा बेत पुढे आला. वनस्पतींचे अभ्यासक आणि आसपासचे रहिवासी वर्षानुवर्षं त्याविरुद्ध उभे राहिले. सभा, निवेदनं, प्रत्येक पाहुण्याला टेकडीवर नेऊन फुलं दाखवणं, असं चाललं होतं. अखेर 1993 मध्ये काउंटीच्या मंडळानं एजवूडला नैसर्गिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं. लढा जिंकला की माणसं घरी जातात. इथली गेली नाहीत, त्यांनी त्याच वर्षी संस्था काढली. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी.

मला सांगायचंय ते मात्र एका शुक्रवारबद्दल.

एप्रिल होता. आमच्या ओळखीच्या एका मराठी घरात मुलाकडे त्याचे वडील आले होते. सातारा जिल्ह्यातले, आयुष्यभर उसाची शेती केलेले, सत्तरी ओलांडलेले. मुलगा-सून कामावर गेले की काका दिवसभर घरात. टीव्ही, खिडकी, फार तर कोपऱ्यापर्यंत चालून परत. सुनेनं मला सहज म्हणून सांगितलं, आणि मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर पाठव, सावली कमी आहे पण हवा चांगली आहे. काका येतील असं मला वाटलं नव्हतं. सकाळी ते डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली घेऊन दारात तयार उभे होते.

स्वयंसेवकाच्या फॉर्मवर त्यांनी मराठीत सही केली. आमच्या गटप्रमुख बाईंनी त्यांना हातमोजे दिले आणि जपानी पद्धतीचं सुरीसारखं लांब पात्याचं खुरपं दिलं. काकांनी पात्यावर अंगठा फिरवून धार बघितली आणि मान डोलावली. त्या दिवशीचं काम इटालियन थिसलचं होतं. हे काटेरी तण भूमध्य समुद्राकडून आलेलं आहे आणि वाटेच्या कडेला दाट माजतं. मी त्यांना सांगायला लागले की मूळ खोल असतं, नुसतं वरून ओढलं तर तुटतं आणि पुन्हा फुटतं. ते ऐकेपर्यंत त्यांनी पहिलं रोप मुळासकट बाहेर काढून, माती झटकून, बाजूला ठेवलंसुद्धा.

“पोरी, भांगलणच हाय की ही,” ते म्हणाले.

एक गोष्ट मात्र सांगावी लागली. इथं काटेरी दिसलं म्हणजे तण, असं नाही. झऱ्याकाठच्या ओलीत येणारं इथलंच एक काटेरी झाड देशाच्या संकटग्रस्त यादीत आहे, जगात त्याची फार थोडी ठिकाणं उरलीत. त्यामुळे प्रत्येकानं हात घालण्याआधी पानं बघायची. काकांनी दोन्हींची चित्रं माझ्या फोनवर नीट निरखून पाहिली. शेतकऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही, ज्वारीतलं तण आणि ज्वारी ते लहानपणापासून वेगळी करत आलेले असतात.

तासाभरानं ते कंबर सरळ करायला उभे राहिले आणि रस्त्याच्या बाजूला बघत राहिले. आम्ही होतो तिथून उतार हमरस्त्याकडे जातो. वरच्या अंगाला गवत बुटकं, विरळ, आणि मधे पिवळ्या-पांढऱ्या फुलांचा सडा. खाली रस्त्याकडे गवत दाट, गर्द हिरवं, गुडघ्याच्या वर, आणि फुलं जवळजवळ नाहीत. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले,

“त्या गवताला काळोखी कशानं आली? तिकडं युरिया टाकलाय का गं कुणी?”

मी हातातलं खुरपं खाली ठेवलं. कारण आमच्या शिबिरात हे समजावून सांगायला अर्धा दिवस जातो. आलेख असतात, नकाशे असतात, आणि तरी निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर प्रश्न राहतो. काकांनी नुसत्या गवताच्या रंगावरून नत्र, म्हणजे नायट्रोजन, ओळखला होता.

हो, तिकडे नत्र पडतो. मोटारींच्या धुरातून पडतो. नायट्रोजनची ऑक्साइडं तर असतातच, पण धूर स्वच्छ करण्यासाठी गाड्यांना जे उत्प्रेरक बसवलेले असतात, त्यांच्यातून थोडा अमोनियाही बाहेर येतो. इथला वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, आणि उद्यानाचा मोठा भाग रस्त्याच्या पूर्वेला आहे. रात्रंदिवस वाहणारी ती वर्दळ मातीवर अदृश्य खत पसरत असते. स्टुअर्ट वाइस या शास्त्रज्ञानं 1999 मध्ये हा संबंध प्रथम नीट मांडला. पुढे एजवूडवरच रस्त्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर वायू मोजणारी छोटी उपकरणं लावून पाहिलं, तेव्हा रस्त्याजवळ प्रमाण जास्त आणि लांब जावं तसं कमी, असं स्पष्ट दिसलं.

मग काकांनी साहजिक प्रश्न विचारला. खत पडतंय, जमीन सुधारतेय, तर बिघडलं कुठं?

इथल्या मातीची सगळी गोष्ट या एका प्रश्नात आहे. एजवूडच्या टेकड्यांवर सर्पेंटाइन नावाचा हिरवट, गुळगुळीत खडक आहे. त्याची माती म्हणजे शेतीच्या दृष्टीनं अगदी वाईट: कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम भरमसाट, निकेल आणि क्रोमियमसारखे जड धातू, आणि नत्र नावालाच. बाहेरून आलेल्या जोमदार गवतांना ती झेपत नाही. इथली मूळची छोटी रोपं मात्र हजारो वर्षं त्याच मातीत जगायला शिकली आहेत. आपल्या कासच्या पठारावर जे घडतं त्याच्याशी याचं नातं आहे. तिथंही जांभ्यावर मातीचा पातळ थर, मोठं झाड उभं राहू शकत नाही, म्हणून तर इवल्या रोपांना ऊन मिळतं आणि पावसाळ्याच्या शेवटी रंगांचे गालिचे दिसतात. अशा जागेचं गरीब असणं हेच तिचं संरक्षण असतं. नत्र पडला की ते कुंपण मोडतं. इटालियन रायग्रास आत शिरतं, दाट वाढतं, वाळलं की खाली जाड थर करतं, आणि त्याखाली बुटकी रोपं गुदमरतात.

त्या बुटक्या रोपांत एक आहे Plantago erecta, म्हणजे आपल्या इसबगोलाच्याच कुळातलं, बोटभर उंचीचं. बे चेकरस्पॉट नावाच्या फुलपाखराच्या अळ्या मुख्यतः त्यावर जगतात. लाल, काळ्या आणि फिकट पिवळ्या चौकटींचं हे फुलपाखरू 1987 पासून संकटग्रस्त यादीत आहे. त्याचं वेळापत्रक फार काटेकोर असतं. वसंतात अंडी, मग अळ्या, आणि रोपं वाळण्याआधी अळी पुरेशी मोठी झाली तरच ती दगडाखाली झोपून कोरडा उन्हाळा काढू शकते. पाऊस पडला की उठून पुन्हा खायला लागते. रोप नाही, तर अळी नाही. स्टॅनफर्डच्या जॅस्पर रिजवर 1960 पासून ज्या वस्तीचा अभ्यास चालू होता, ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी संपली. एजवूडवरची 2002 मध्ये संपली. पुढे सॅन होजेच्या दक्षिणेला असलेल्या कायोटी रिजवरून अळ्या आणून इथं सोडायला सुरुवात झाली, आधी 2007 मध्ये आणि मग 2011 पासून पुन्हा. फुलपाखरू आणणं हा त्यातला छोटा भाग. त्याच्या आधी गवत आवरावं लागलं: रायग्रास फुलोऱ्यावर आलेलं असतं पण त्यानं अजून बी धरलेलं नसतं, त्या नेमक्या दिवसांत ते कापायचं. तोवर बुटकी रोपं बी टाकून मोकळी झालेली असतात. आठवडा चुकला तर एकतर गवत पुन्हा फुटतं, नाहीतर बी झडून जातं.

मी काकांना आकडा सांगितला. या मातीला वर्षाला हेक्टरी साधारण सहा किलो नत्र पडला की गवताचं आक्रमण सुरू होतं. त्यांनी हिशेब केला. एकराला अडीच किलोसुद्धा नाही, म्हणजे पाच-सव्वापाच किलो युरिया. आडसाली उसाला शिफारस हेक्टरी चारशे किलो नत्राची, म्हणजे एकरी आठेक पोती. ते काही क्षण गप्प झाले. “एवढ्याशानं?” असं दोनदा म्हणाले. मग रस्त्याकडे बोट करून म्हणाले,

“म्हंजी टाकतोय ते आपणच.”

मी रोज त्याच रस्त्यानं जाते. मी नुसती “हो” म्हणाले.

“मग गुरं सोडा की. गुरं खातील ते गवत.”

हेही बरोबर होतं, आणि हे तर शास्त्रज्ञांनाही उशिरा कळलं होतं. जंगल किंवा कुरण वाचवायचं तर गुरं हाकलायची, अशी इथली सर्वसाधारण समजूत होती. पण सॅन होजेजवळच्या टेकड्यांवर जिथून गाई काढल्या तिथं काही वर्षांत रायग्रास माजलं आणि फुलपाखरू गेलं, आणि जिथं गाई चरत राहिल्या तिथं ते टिकलं. कायोटी रिजवर आजही गाईच ते काम करतात. कासवर कुंपण घालून चराई थांबवल्यावर हाच वाद उभा राहिला होता, हे मी काकांना सांगितलं, त्यांना ते ठाऊक होतं. एजवूडवर गुरं नाहीत, म्हणून त्यांच्या वाटचं काम यंत्रानं आणि हातानं करायचं.

दुपारी खाण्यासाठी सगळे ओकच्या सावलीत बसलो. कुणी संत्री आणली होती, कुणी घरची बिस्किटं. मी काकांचं म्हणणं इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं: रंगावरून नत्र कसा ओळखला, उसाचा हिशेब, गुरांचा सल्ला. आमच्यात निवृत्त शिक्षिका आहेत, एक इंजिनिअर आहेत, एक परिचारिका आहेत, बहुतेक साठीच्या पुढचे. सगळे जागेवरून उठले आणि काकांनी त्यांना उतारावर उभं करून रंगातला फरक कुठून सुरू होतो ते हातानं दाखवलं. मी दुभाष्याचं काम केलं, पण निम्म्या वेळा त्याची गरज पडली नाही. एक आजोबा या जागेवर कित्येक वर्षं तण काढत आलेत, ते म्हणाले, मी हे रोज बघत होतो, पण दिसलं आज.

काकांना त्यांच्याकडून एकच जाणून घ्यायचं होतं. तुम्हाला मजुरी कोण देतं? कुणी नाही, असं उत्तर आलं. मग काउंटी का नाही करत? काउंटी करते, पण तिच्याकडे उद्यानं अनेक आहेत आणि माणसं मोजकी. ती आम्हाला जागा वापरू देते, रेंजर मदतीला येतात, उपटलेलं तण घेऊन जातात. या टेकडीवरच्या एकेका तुकड्याकडे वर्षानुवर्षं दर आठवड्याला बघत राहायचं, ते आम्ही करतो. त्यांना सॅन माटेओ थॉर्नमिंटचं उदाहरण कुणीतरी सांगितलं. पुदिन्याच्या कुळातली ही वितभर वनस्पती निसर्गात जवळपास फक्त एजवूडवर उरली आहे. 1994 मध्ये पन्नास हजारांहून अधिक रोपं होती, 2008 मध्ये मोजली तेव्हा 249. मग गवत काढून, बी गोळा करून, रोपवाटिकेत वाढवून, पुन्हा पेरून ती संख्या वर आणायचं काम सुरू झालं. 249 रोपं मोजायला कुणीतरी गुडघ्यावर बसलं होतं म्हणून ती उतरण कळली. कुठल्याही खात्याच्या वार्षिक पाहणीत एवढी बारीक गोष्ट सापडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

गावानं मिळून एकाच्या शेतात बिनमजुरीनं राबायचं, त्याला इर्जिक म्हणतात. “इर्जिकच की ही,” काका मला म्हणाले, “फक्त शेत कुणाचंच न्हाई.”

त्यानंतर भारतात परतेपर्यंत ते शुक्रवारी यायचे. मुलगा सोडायला यायला लागला आणि एकदा रजा टाकून तोही थांबला. काकांनी गटाला त्यांच्या पद्धतीनं ओळीनं बसायला शिकवलं: विखुरलेलं उपटत फिरायचं नाही, एक पट्टा धरायचा आणि मागं काही न ठेवता पुढं सरकायचं. ती पद्धत आता आमच्यात रुळली आहे, नवीन माणूस आला की गटप्रमुख बाई त्याला तसंच बसवतात.

बे एरियातल्या कितीतरी मराठी घरांत सध्या आई-वडील आलेले असतील. त्यांच्यातल्या ज्यांनी माती हाताळली आहे त्यांना एकदा घेऊन या. एजवूडच नको असेल तर तुमच्या काउंटीच्या जवळच्या उद्यानाची अशी एखादी संस्था असेल, तिथं विचारा. इंग्रजी येत नसेल तरी अडत नाही. बंद बूट, लांब बाह्यांचा सदरा, टोपी आणि पाणी एवढं पुरतं. हातमोजे आणि खुरपं आम्ही देतो. कुत्रा मात्र आणू नका, एजवूडवर परवानगी नाही. आणि मार्च-एप्रिलमध्ये आलात तर शनिवार-रविवारच्या फेरीलाही या, वरच्या उतारावरची फुलं आणि खालचं काळोखी आलेलं गवत, दोन्ही मी दाखवीन.