सही जुळत नाही

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज बँकेत माझी सही जुळली नाही. चार वेळा केली, चारही वेळा नाही.

काउंटरवरची मुलगी स्वभावाने चांगली होती, तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "काकू, नेहमी करता तशीच करा ना." तिथेच बिघडलं. नेहमी कशी करते मी? ३१ वर्षं प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या, हाताकडे कधी पाहिलं नाही. आज पाहिलं. 'सु'चा उकार उतरला आणि 'वि'पाशी पेन अडलं. पेन अडलं की शाईचा ठिपका पडतो. चारही कागदांवर ठिपका त्याच जागी आहे.

अर्ज कशाचा होता ते लिहीत नाही. खात्यावर आता एकच नाव राहणार, एवढंच.

मग साहेब आले. आधार कार्डावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो. "तुम्हीच ना?" म्हणाले. त्यांचं कामच आहे ते, कळतं मला. पण घरी येईपर्यंत ते दोन शब्द कानात होते.

चहा केला, तो तसाच गार झाला. आणि अँकिल आठवला. प्राचीकडे अमेरिकेत सेंट लुईसला होते तेव्हा जावईबापूंनी बेसबॉलच्या मैदानात बसून त्याची गोष्ट सांगितली होती. तेव्हापासून तो मला आपल्या वर्गातल्या मुलासारखा वाटतो. रिक अँकिल, तिथल्या कार्डिनल्स संघाचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. २००० साली २१ वर्षांचा, त्या मोसमात १७५ डावांत १९४ जणांना तीन स्ट्राइकवर बाद केलेला. ३ ऑक्टोबरला अटलांटाविरुद्ध प्लेऑफचा, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीचा, पहिला सामना, समोर त्यांचा पिचर ग्रेग मॅडक्स. दोन डाव छान गेले. तिसऱ्या डावात चेंडू बॅटवाल्यामागे बसलेल्या कॅचरच्या हातीच लागेना. एका डावात पाच वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरला न अडवता येणारे भरकटलेले चेंडू! असं १८९० नंतर कुणाचं झालं नव्हतं. सामना कार्डिनल्सनी ७-५ असा जिंकला, पण त्याचा हात त्या दिवशी गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी खालच्या पातळीवरच्या मेम्फिस संघात त्याचे साडेचार डावही पुरे झाले नाहीत, तेवढ्यात १७ जणांना फुकट बेस आणि १२ वाइल्ड पिच.

रात्री पुन्हा त्या तिसऱ्या डावाचा व्हिडिओ लावला. चेंडू कुठे जातो ते मी बघतच नाही, त्याचा चेहरा बघते. कालपर्यंत न विचारता व्हायचं ते आज विचारूनही होत नाही, असा चेहरा.

कारणं पुष्कळ सांगतात. वडिलांना त्याच वर्षी अमली पदार्थांच्या प्रकरणात तुरुंगवास झाला होता. नेहमीचा कॅचर माइक मॅथेनी त्या दिवशी नव्हता, वाढदिवसाला मिळालेल्या शिकारीच्या सुरीने त्याचा हात कापला होता. समोर नेहमीचं माणूस नसलं की... असो.

"तुम्हीच ना?" हे त्यालाही विचारलं गेलं. कोपराची शस्त्रक्रिया झाली, मार्च २००५ मध्ये त्याने पिचिंग सोडलं आणि खालच्या संघांत बॅट घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. ९ ऑगस्ट २००७ ला आउटफिल्डर, म्हणजे लांब कुंपणाकडे उभा राहणारा खेळाडू, म्हणून कार्डिनल्समध्ये परतला आणि त्याच दिवशी होमरन मारली, आपल्या षटकारासारखी. ६ सप्टेंबरला दोन होमरन, त्याच्या फटक्यांवर संघाला सात धावा. दुसऱ्याच दिवशी पेपरात बातमी: २००४ मध्ये फ्लोरिडाच्या एका औषध दुकानातून त्याने ग्रोथ हॉर्मोन घेतलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, असं त्याचं म्हणणं. लीगने ते औषध बंद केलं २००५ मध्ये, त्यामुळे कारवाई झाली नाही. तेव्हा मी जावईबापूंशी वाद घातला होता. नियमात नव्हतं म्हणून बरोबर कसं, असं मी म्हणाले होते. बरोबर होतं असं आजही म्हणणार नाही. पण सात वर्षं हात शोधणाऱ्या मुलाकडे मी जरा मायेनं बघायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. मे २००८ मध्ये डेन्व्हरला त्याने थेट कुंपणाजवळून तिसऱ्या बेसवर चेंडू फेकला. एकदा नाही, त्याच सामन्यात दोनदा, अगदी अचूक, आणि दोन्ही वेळा धावणारा बाद. साठ फुटांवरून ज्याला कॅचर सापडत नव्हता त्याचाच हा हात. तिथे त्याला विचार करायला वेळ नव्हता.

संध्याकाळी कुरिअरवाला आला होता. दारात उभ्यानेच सही केली. दार लावल्यावर लक्षात आलं, आली की सही! 'वि'सकट, एका दमात. पावती तो घेऊन गेला, नाहीतर बँकेत दाखवली असती.

येताना त्या मुलीने नवीन नमुना सहीचा फॉर्म दिलाय, तीन रकान्यांचा. "सोपी करून टाका काकू, मधलं अक्षर नाही घातलं तरी चालेल," म्हणाली. तिने मदतच केली. पण 'वि' मी काढणार नाही. उद्या साडेदहाला बँकेतच बसून भरेन. ठिपका पडला तर पडू दे. तिन्ही रकान्यांत एकाच जागी पडला, की जुळेल.