तुम्ही विचारलंत म्हणून: नेटच गेलं, तर ड्रायव्हर आणायचा कशावरून?

लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, अपडेट झालं, नेट गेलं, आणि नेटचं कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नेटवरच आहे. आता काय करायचं? हा प्रश्न मला बहुतेक वेळा फोनवर येतो, आणि विचारणाऱ्याने नेटचं कार्ड जळाल्याचं मनाशी पक्कं केलेलं असतं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात तेच झालं. तारीख २०, जीएसटीचं ३बी हे महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. दुपारी लाईट गेली, आली, आणि हिशेबाच्या कॉम्प्युटरवर नेट नाही. "लाईटनं कार्ड खाल्लं बघा सर," अकाउंटंट म्हणाले. नवं कार्ड आणायला पोरगं गाडीवर बसलंच होतं. त्याला थांबवलं.

टर्मिनलमध्ये 'lspci -k' ही कमांड दिली; ती मशीनमधली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवते. यादीत कार्ड होतं, पण त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नव्हती. कार्ड शाबूत, ड्रायव्हर बेपत्ता. नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काही दिवसांपूर्वीच आपोआप येऊन बसला होता. मशीन कधी बंदच होत नसल्यामुळे काम जुन्यावर चाललं होतं. लाईट गेली आणि मशीन उठलं ते नव्या कर्नलवर. बिचाऱ्या लाईटचा दोष एवढाच.

ड्रायव्हर कर्नलच्या आतलाच असेल तर अशी वेळ सहसा येत नाही. आतलं काही बदलणारा माणूस ते ड्रायव्हरही सोबत दुरुस्त करतो. इथला मात्र कार्डाच्या कंपनीकडून घेऊन वरून बसवलेला. असा ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बांधला, त्याच्याच नावाच्या फोल्डरात राहतो. नव्या कर्नलचं फोल्डर वेगळं, आणि त्यात हा नाही. जुनी फाईल तिथे नुसती कॉपी केली तरी कर्नल ती सहसा घेत नाही, कारण आवृत्ती जुळत नाही. मालक शेजारी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे मागावरचं ताण्याचं बीम बदललं, धागे जोडायचे राहिले." याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

मशीन पुन्हा सुरू केलं, मशीन उठताना कर्नल निवडू देणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुना कर्नल निवडला. नेट हजर. आधी रिटर्न भरायला लावलं. म्हणून सांगतो, जागा करायच्या नादात जुना कर्नल उडवू नका. उडवलाच असेल तर फोन यूएसबी केबलने जोडा आणि टिथरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळेल. टिथरिंगचा ड्रायव्हर बहुतेक ठिकाणी कर्नलसोबतच येतो.

मग नव्या कर्नलचे हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाईली) आणि डीकेएमएस नावाचं साधन टाकलं. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपणहून पुन्हा बांधतं. हेडर नसले तर तेही हात टेकतं. आमच्या ड्रायव्हरचा जुना सोर्स, म्हणजे मूळ कोड, नव्या कर्नलवर बांधलाच जाईना, ताजी आवृत्ती आणावी लागली.

एवढं करूनही ड्रायव्हर चढेना. सिक्युअर बूट ही मशीनची सुरक्षा चालू होती, (डिजिटल) सही नसलेला ड्रायव्हर ती आत घेत नाही; जुना बसवणाऱ्याने सही करून दिला असणार. सहीची चावी नोंदवायला मशीन उठताना निळा पडदा येतो आणि दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलं तरी बटण दाबून आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. अकाउंटंटनी ती दहा सेकंदं दोनदा चहात घालवली. तिसऱ्यांदा त्यांच्या खुर्चीत मी बसलो.