मिरकरवाड्यातले फोन आणि स्वतः बांधलेल्या लायब्ऱ्या

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील काही होडीमालकांसाठी मी एक लहानसे अँड्रॉइड ॲप सांभाळतो. तांडेल त्यात आपापल्या जागा नोंदवतात. जाळे कोठे खडकाला अडकले, कोठे बुडालेल्या होडीचा सांगाडा आहे, कोठे किती वाव पाणी लागले, याची ती वहीच आहे. बंदर सोडून काही मैल बाहेर गेले की मोबाईलची रेंज जाते, त्यामुळे सर्व हिशेब फोनवरच व्हावा लागतो. आमच्याकडे असलेले खोलीचे बिंदू यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३व्या पट्ट्यात, म्हणजे मीटरमध्ये मांडलेले आहेत, तर फोनचे जीपीएस अक्षांश-रेखांश देते. या रूपांतरासाठी प्रोज आणि जवळचे बिंदू चटकन शोधण्यासाठी एसक्यूलाइट, अशा दोन ओपन सोर्स लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून खुल्या ठेवलेल्या कोडचे तयार संच, मी वापरतो. एक सी++ मध्ये आणि दुसरी सी मध्ये लिहिलेली असल्यामुळे त्या फोनच्या प्रोसेसरसाठी कंपाइल कराव्या, म्हणजे मूळ कोडपासून त्याला चालवता येईल अशी फाईल बांधावी लागते. हे काम मी मासेमारीबंदीच्या दिवसांत, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असताना, उरकून घेतो.

तयार बांधलेल्या फायली इंटरनेटवर मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. तयार फाईल वापरण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु ती कोणत्या आवृत्तीच्या कोडपासून, कोणते पर्याय देऊन आणि अँड्रॉइडची किमान कोणती आवृत्ती धरून बांधली, हे ती फाईल आपणहून सांगत नाही. गुगल प्लेचा एखादा नियम बदलला की मूळ बांधणाऱ्याकडे डोळे लावून बसावे लागते, आणि त्याने तोवर हे काम सोडून दिलेले असले तर ॲपचे गाडे तेथेच अडते.

मात्र लायब्ररी बांधायला घेण्यापूर्वी ती खरोखर हवी आहे का, हे पाहणे मी आवश्यक मानतो. होडी किनाऱ्यापासून किती सागरी मैल दूर आहे एवढेच दाखवायचे असते, तर संपूर्ण प्रोजची गरज नव्हती. चार्ल्स कार्नी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर आधारलेली, पृथ्वीच्या लंबगोल पृष्ठावरील अंतर काढणारी एकच सी फाईल प्रोजमध्ये आहे. ती उचलून ॲपमध्ये ठेवली की काम भागते. आमच्याकडे येणारे बिंदू निरनिराळ्या मापनपद्धतींतले असतात म्हणून मला पूर्ण लायब्ररी लागली. एका फाईलवर भागत असेल तर पुढचा सारा व्याप टाळलेला बरा.

कंपाइल करण्याच्या आज्ञेला असा कितीसा वेळ लागतो? वेळ खातो तो एक भेद. बांधणी माझ्या लिनक्स संगणकावर चालते आणि बांधलेली वस्तू फोनवर चालणार असते, ही गोष्ट लायब्ररीच्या बांधणीव्यवस्थेला पायरीपायरीवर पुन्हा सांगावी लागते, कारण तिचा सहज कल हाताशी असलेल्या संगणकाकडेच असतो. मला आजवर भेटलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ या एकाच गल्लतीत सापडले आहे.

अँड्रॉइडसाठी सी आणि सी++ कोड बांधण्याच्या साधनांचा एनडीके हा संच आता बराच सुटसुटीत झाला आहे. त्याच्या १८व्या आवृत्तीत जीसीसी कंपायलर काढून टाकला गेला आणि क्लँग हा दुसरा कंपायलर तेवढा उरला. १९व्या आवृत्तीपासून वेगळी टूलचेन (कंपायलर आणि त्याच्या जोडीची साधने) तयार करून घेण्याची गरजही संपली. कंपायलरच्या नावातच प्रोसेसर आणि अँड्रॉइडची किमान एपीआय पातळी (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक) लिहिलेली असते. ही पातळी हलक्या हाताने निवडू नये. उदाहरणार्थ, अक्षरसंच बदलणारे आयकॉन्व्ह हे फंक्शन अँड्रॉइडच्या सी लायब्ररीत एपीआय २८ पासून आले. बांधणी २८ धरून केली तर बांधणीच्या वेळच्या तपासणीला ते सापडते आणि वापरलेही जाते; पण त्याहून जुन्या फोनवर ती फाईल उघडण्याच्या क्षणीच ‘चिन्ह सापडत नाही’ म्हणून नाकारली जाते. संचाची झिप फाईल अर्ध्या जीबीहून मोठी असल्यामुळे, आणि पावसाळ्यात आमच्याकडचे इंटरनेट केव्हा रुसेल याचा नेम नसल्यामुळे, वापरात असलेल्या आवृत्तीची प्रत मी बाहेरच्या डिस्कवर जपून ठेवतो.

प्रोजची बांधणी ९व्या आवृत्तीपासून फक्त सीमेक या बांधणीव्यवस्थेवर होते. एनडीकेबरोबर येणारी टूलचेन फाईल सीमेकला दिली की कंपायलर बरोबर निवडला जातो. तरीही प्रोजला एसक्यूलाइट लागते आणि ते शोधण्याची वेळ आली की घोळ सुरू होतो. वाट नीट दाखवली नाही तर संगणकावर आधीच बसवलेले एसक्यूलाइट पुढे केले जाते आणि लिंकर (बांधलेले तुकडे एकत्र जोडणारे साधन) ‘ही फाईल या प्रोसेसरशी विसंगत आहे’ असे सांगून थांबतो. लिंकर थांबला तर उलट बरे. लायब्ररी फोनची आणि तिच्या फंक्शनांची यादी सांगणारी हेडर फाईल मात्र संगणकाची, अशी मिसळ झाली तर बांधणी बिनतक्रार पार पडते आणि दोष पुढे भलत्याच जागी उगवतो. या प्रकारात लायब्ऱ्या कोठे आहेत हे सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिग या साधनाचा हात अनेकदा असतो, कारण विचारले की ते निमूटपणे संगणकावरील वाटा सांगते. म्हणून त्याची शोधण्याची जागाच बदलून फोनसाठी बांधलेल्या फायलींच्या फोल्डरकडे वळवावी लागते.

हाच भेद प्रोजमध्ये उलट बाजूनेही भेटतो. २०१९ मध्ये आलेल्या ६व्या आवृत्तीपासून प्रोजची सारी संदर्भमाहिती, म्हणजे निरनिराळ्या मापनपद्धती आणि त्यांचे क्रमांक, एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असते. मूळ कोडमध्ये हा डेटाबेस एसक्यूएलच्या मजकूर-फायलींच्या रूपात असतो आणि बांधणी चालू असताना एसक्यूलाइटची आज्ञा चालवून त्यातून खरी डेटाबेस फाईल तयार केली जाते. म्हणजे एकाच बांधणीत दोन एसक्यूलाइट लागतात; लिंक करण्यासाठी फोनचे आणि ही फाईल घडवण्यासाठी संगणकाचे. फोनसाठी बांधलेला प्रोग्राम संगणकावर चालत नाही, त्यामुळे सगळे फोनचेच द्यावे असा अतिउत्साह केला तर बांधणी येथे अडकते. प्रोजने संगणकावरील आज्ञेची वाट सांगण्यासाठी वेगळा पर्याय ठेवला आहे. तो भरला की काम सुरळीत होते. रूपांतर अधिक अचूक करणाऱ्या आकड्यांच्या जाळ्या (ग्रिड) इंटरनेटवरून उतरवण्याची सोय आणि टिफ फायलींचा आधार मी बंद ठेवतो. भर समुद्रात पहिल्या सोयीचा उपयोग नाही, आणि दोन्ही बंद केल्यामुळे आणखी दोन लायब्ऱ्या बांधण्याचे काम वाचते.

तयार झालेली डेटाबेस फाईल ॲपच्या पॅकेजमध्ये ठेवल्यावरही एक पायरी उरते. पॅकेजमधील अशा फाईलला फोनच्या फाईलव्यवस्थेत स्वतंत्र पत्ता नसतो आणि प्रोजला तर पत्ताच हवा असतो. ॲप पहिल्यांदा उघडताना ती फाईल ॲपच्या खासगी फोल्डरमध्ये उतरवावी लागते आणि मग त्या फोल्डरची वाट प्रोजला सांगावी लागते. ॲपची नवी आवृत्ती आली की जुनी प्रत बदलण्याची व्यवस्थाही याच ठिकाणी करावी, नाहीतर नवी लायब्ररी जुन्या माहितीवर चालत राहते.

एसक्यूलाइट कंपाइल करणे त्या मानाने सोपे आहे. दोन लाखांहून अधिक ओळींची एकच सी फाईल मिळते, ती सार्वजनिक मालकीची आहे, आणि जवळचे बिंदू शोधणारा आर-ट्री विभाग हवा असल्यास एक व्याख्या जोडली की झाले. अँड्रॉइडमध्ये एसक्यूलाइट आधीपासून असताना ते पुन्हा का बांधायचे, तर फोनमधील ती प्रत जावा आणि कोटलिन या ॲप लिहिण्याच्या भाषांसाठी आहे. एनडीकेमधून तिच्याशी लिंक करण्याची मुभा नाही, आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अशा खासगी लायब्ऱ्यांचा वापर अडवलाही जाऊ लागला.

खरी मेख मात्र पुढे आहे. ॲपचा कोटलिन भाग फोनचे एसक्यूलाइट वापरतो आणि नेटिव्ह (सी आणि सी++ मधला) भाग स्वतः बांधलेले, म्हणजे एकाच प्रक्रियेत (चालू प्रोग्राममध्ये) एसक्यूलाइटच्या दोन प्रती नांदतात. दोघींनी वेगवेगळ्या फायली उघडल्या तर काही बिघडत नाही. दोघींनी एकच फाईल उघडली तर डेटाबेस बिघडू शकतो, आणि याचा इशारा एसक्यूलाइटच्या स्वतःच्या दस्तऐवजातच दिलेला आहे. लिनक्ससारख्या प्रणाली पाळतात त्या पॉझिक्स मानकाच्या नियमाप्रमाणे एखाद्या प्रक्रियेने फाईलचा कोणताही एक दुवा बंद केला की त्या प्रक्रियेची त्या फाईलवरील सर्व कुलुपे सुटतात. एसक्यूलाइट आपल्या उघड्या फायलींची यादी ठेवून यातून मार्ग काढते. पण दोन प्रतींच्या दोन याद्या असतात आणि एकीला दुसरीचा पत्ता नसतो. म्हणून तांडेलांच्या नोंदींची फाईल फक्त नेटिव्ह भागच उघडतो, असा दंडक मी घालून घेतला आहे. तांडेलाने कैक हंगामांत जमवलेल्या जागा पुन्हा कोठून आणणार?

लिनक्सवर वाढलेल्या लायब्ऱ्यांचे काही संस्कार अँड्रॉइडवर आड येतात. अँड्रॉइडची सी लायब्ररी बायॉनिक आहे, लिनक्सवर नेहमी असणारी ग्लिबसी नव्हे. तिच्यात थ्रेडची (एकाच वेळी अनेक कामे चालवण्याची) फंक्शने मुख्य लायब्ररीतच असल्यामुळे पीथ्रेड ही लायब्ररी वेगळी जोडायला सांगणारी जुनी बांधणी ‘सापडत नाही’ म्हणून थांबते. तसेच लिनक्सवर लायब्ररीच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा लावण्याची रीत आहे. अँड्रॉइडच्या पॅकेजमध्ये नेटिव्ह फाईलचे नाव ‘लिब’ने सुरू होऊन ‘.एसओ’वर संपावे लागते, त्यामुळे आकडा लावलेली फाईल बाहेरच राहते. या भानगडी टाळण्यासाठी मी प्रोज आणि एसक्यूलाइट दोन्ही स्थिर पद्धतीने जोडून एकच फाईल करतो आणि ॲपला लागणारी मोजकी फंक्शने सोडून बाकी सर्व नावे बाहेरून दिसणार नाहीत अशी व्यवस्था करतो. फाईलही त्यामुळे आटोपशीर राहते.

बंदरावरील फोन पाहिल्याशिवाय प्रोसेसर ठरवू नये, असे माझे मत आहे. गुगल प्लेने १ ऑगस्ट २०१९ पासून ६४-बिट बांधणी सक्तीची केली, आणि त्यानंतर अनेकांनी ३२-बिट बांधणी सोडून दिली. होडीवर मात्र जुना, स्वस्त, खाऱ्या पाण्याने खराब झाला तरी हळहळ वाटणार नाही असा फोन नेला जातो, आणि अशा काही फोनांत प्रोसेसर ६४-बिट असूनही अँड्रॉइड ३२-बिट बसवलेले असते. या बाबतीत एक सापळा आहे. ॲपमध्ये घेतलेल्या दुसऱ्या एखाद्या घटकाने आपली ३२-बिट फाईल आणली आणि आपण मात्र ती बांधली नाही, तर पॅकेज अशा फोनवर सुखाने बसते आणि आपली लायब्ररी मागताक्षणी कोसळते. तांडेलाकडून येणारी तक्रार एवढीच असते, “दादा, ॲप उघडतं नि लगेच मिटतं.” म्हणून पॅकेज तयार झाल्यावर ते झिपप्रमाणे उघडून प्रत्येक प्रोसेसरच्या फोल्डरमध्ये त्याच नावाच्या फायली आहेत की नाहीत, हे मी स्क्रिप्टकडून तपासून घेतो.

दुसऱ्या टोकाला नवे फोन आहेत. अँड्रॉइड १५ पासून स्मृतीचे पान (मेमरी वाटून देण्याचा ठरलेला तुकडा) ४ केबीऐवजी १६ केबी असलेल्या उपकरणांना आधार मिळाला, आणि अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढील आवृत्ती लक्ष्य धरणाऱ्या नव्या ॲपसाठी व अद्यतनांसाठी गुगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून ही सुसंगतता आवश्यक ठरवली. बांधलेल्या फाईलची रचना दाखवणारे रीडएल्फ हे साधन तिच्यावर चालवले की ‘लोड’ असे लिहिलेल्या ओळींच्या शेवटी जुळणीचा आकडा दिसतो. सोळा-पाया पद्धतीत तो १००० असेल तर फाईल जुन्या ४ केबीच्या हिशेबाने बांधलेली आहे, ४००० असेल तर १६ केबीला चालते. एनडीकेच्या २८व्या आवृत्तीत हे आपोआप होते, त्याआधीच्या आवृत्त्यांत लिंकरला कमाल पान १६३८४ बाइटचे असल्याचे सांगावे लागते. ज्याच्याजवळ बांधणीची स्क्रिप्ट आहे त्याचे हे काम घटकाभराचे आहे. ज्याच्याजवळ दुसऱ्याने बांधलेली फाईल तेवढी आहे, त्याला नव्या फाईलची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. कोडमध्ये कोणी ४०९६ हा आकडा थेट लिहून ठेवला असेल तर तोही शोधावा लागतो, कारण जुळणी सुधारल्याने तो सुधारत नाही.

आयफोनची बाजू थोडक्यात सांगतो, कारण होडीवर ते फारसे दिसत नाहीत. काही मालक घरी बसून नोंदी पाहण्यासाठी वापरतात. तेथे एसक्यूलाइट प्रणालीबरोबरच मिळते आणि त्याच्याशी लिंक करण्याची मुभाही आहे. ॲपलच्या नव्या मॅकवर सिम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) आणि फोन दोन्ही ६४-बिट एआरएमच असले तरी त्यांच्या बांधण्या वेगळ्या धरल्या जातात. निरनिराळ्या प्रोसेसरच्या बांधण्या एकत्र करणाऱ्या जुन्या लिपो साधनाला एका फाईलमध्ये एका प्रोसेसरची एकच बांधणी ठेवता येत असल्यामुळे त्या दोन्ही एकत्र मावत नाहीत, आणि म्हणून २०१९ मध्ये ॲपलच्या एक्सकोड ११ या विकाससाधनाबरोबर आलेले, अनेक बांधण्या एकत्र ठेवणारे एक्ससीफ्रेमवर्क वापरावे लागते. माझ्याकडे मॅक नाही. ही बांधणी मी भाड्याच्या मॅकवर करून घेतो आणि बाकी सारे लिनक्सवर ठेवतो.

आयफोनमुळेच जिऑस ही भौमितिक आकृत्यांची तिसरी लायब्ररी मी घेतली नाही. ती एलजीपीएल परवान्याखाली आहे आणि वापरणाऱ्याला लायब्ररीची बदललेली प्रत जोडता यावी अशी त्या परवान्याची अपेक्षा आहे. अँड्रॉइडवर वेगळी ‘.एसओ’ फाईल ठेवून ती पाळणे जमण्यासारखे असले तरी ॲप स्टोअरच्या सही केलेल्या पॅकेजमध्ये ती कशी पाळावी याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही. मला त्यातून एखादा बिंदू ठरावीक क्षेत्राच्या आत आहे की बाहेर एवढेच हवे होते, आणि तेवढे फंक्शन मी हाताने लिहिले. प्रोजचा एमआयटी पद्धतीचा परवाना फक्त आपली सूचना सोबत ठेवायला सांगतो, म्हणून ती ॲपच्या सेटिंगमध्ये शेवटच्या पानावर पूर्ण मजकुरासह दिली आहे.