पिकअपच्या पाठीवरचं घर

आज अमेरिकेतल्या मोआबजवळ मित्राच्या पिकअपवरचा पॉप-अप कॅम्पर (छत वर उचललं की कापडी भिंती उभ्या राहतात असं छोटं फिरतं घर) दिवसभर वापरून पाहिला. आम्हा दोघांना कॅम्पर घ्यायचाच आहे. पॉप-अप की पक्क्या भिंतींचा, एवढंच ठरत नव्हतं.

प्रवासात छत खाली बसलेलं असतं, त्यामुळे वरचा भार कमी. कच्च्या रस्त्यावर गाडी फार डुलत नाही, समोरचा वारा कमी अडतो, जुनिपरच्या फांद्यांखालून निघता येतं. मुक्कामी पोचलं की कड्या सोडायच्या, छत वर ढकलायचं, आणि आत ताठ उभं राहून चहा टाकायचा. तंबूत हे सुख नाही!

पण दुपारी वारा सुटला आणि कापडी भिंती अशा फडफडल्या की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. थंडीत ऊबही टिकत नाही, आतल्या वाफेने कापड ओलं होतं. शिवाय यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिजच्या कॅम्पिंगच्या जागेत अस्वलांमुळे कापडी भिंतींच्या कॅम्परना मुक्कामाची परवानगीच नाही.

घेणाऱ्यांना कळकळीने सांगते, आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं वजनाचं स्टिकर वाचा. त्या आकड्यात माणसं, सामान, कॅम्पर सगळं आलं. नुसतं 75 लिटर पाणी म्हणजे 75 किलो! आमच्यासारख्या मध्यम पिकअपला पक्क्या भिंतींचा कॅम्पर बहुधा झेपत नाही, आणि जास्त भाराने ब्रेकवर ताण येतो तो वेगळाच.

आमचा कल पॉप-अपकडेच आहे. कुणी त्यात बर्फात राहिलं असेल, तर हीटर रात्रभर पुरतो का ते नक्की लिहा.