हाय-राय बर्बन: शेतातलं किती, पिंपातलं किती

सध्या चालू असलेली बाटली: वाइल्डरनेस ट्रेल, पिवळं लेबल. बर्बन म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, आणि हाय-राय म्हणजे जिच्यात राय (गव्हासारखं एक धान्य) जास्त. प्रश्न एवढाच की तिची चव स्थानिक शेतातल्या धान्याची किती आणि पिंपाची किती. केंटकीतल्या डॅनव्हिलची डिस्टिलरी. मका, गहू आणि राय शक्यतो गावाजवळच्याच कॅव्हर्नडेल फार्म्सकडून घेतात. मॅश बिल, म्हणजे धान्यांचं प्रमाण, ६४ टक्के मका, २४ टक्के राय, १२ टक्के मॉल्टेड बार्ली (मोड आणून वाळवलेलं जव). बॉटल्ड-इन-बाँड आहे, म्हणजे १८९७च्या कायद्यानुसार एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला माल, किमान चार वर्षं मुरलेला आणि बरोबर १०० प्रूफ (५० टक्के अल्कोहोल).

‘हाय-राय’ला मात्र कायद्यात व्याख्याच नाही. मका किमान ५१ टक्के असला, पिंप आतून जाळलेलं नवं ओकचं असलं की बर्बन; उरलेल्यात राय किती हा ज्याचा त्याचा प्रश्न. ओल्ड ग्रँड-डॅडमध्ये २७ टक्के, फोर रोझेसच्या ‘बी’ मॅश बिलात ३५. त्या मानाने आपली २४वाली उंबरठ्यावरच उभी आहे.

बाटली उघडल्या दिवशी फारसं काही हाती लागलं नाही. नाकाला स्पिरिटचा झटका, मागे ओलं लाकूड. पहिल्या पेगवर मत बनवायचं नसतं हे आपल्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सगळे बनवतातच. थोडी हवा लागल्यावर चित्र पालटलं. आता ग्लेनकेर्नमध्ये (तोंडाशी निमुळता, वास घ्यायचा ग्लास) ओतून दहा मिनिटं तशीच ठेवली की आधी काकवी येते, मग भाजलेलं कणीस, आणि नाक जरा दूर नेलं तर लवंग आणि बडीशेप. जिभेवर दाट, जवळजवळ तेलकट. मिऱ्याचा तिखटपणा येतो, पण घोट अर्धा उतरल्यावर. शेवटी कोको आणि सुका पुदिना, बराच वेळ रेंगाळणारा.

ड्रॉपरने पाणी घालून पाहिलं. चार-पाच थेंबांत लवंग पुढे आली आणि काकवी मागे गेली. चमचाभर घातल्यावर सगळंच पातळ झालं. माझा कल थेंबांकडेच. (चखणा नंतर. शेव-फरसाण तोंडात टाकून राय शोधायला बसू नका.)

मग फोर रोझेस सिंगल बॅरलशी (त्याच ‘बी’ मॅश बिलाची) गाठ घातली. तीही १०० प्रूफ, त्यामुळे सामना बरोबरीचा. मित्राने माझ्या पाठीमागे ओतलं आणि नावं चिठ्ठीवर लिहून ग्लासाखाली सरकवली. ओळखायला वेळ लागला नाही. ३५ टक्केवाली वासातच उघडी पडते: फळांचा गोडवा, वर राय टोकदार. डॅनव्हिलवाली अंगाने भरलेली, राय तिच्यात विरघळून गेलेली. मित्राला फोर रोझेस आवडली, मला दुसरी. वाद अजून मिटलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. ही चव स्थानिक धान्याची म्हणायची का? राय नुसती कशी लागते हे पाहायला अख्खे दाणे आणले. कच्चा दाणा चावला तर गवतासारखा, किंचित कडू. तव्यावर भाजल्यावर खमंग झाला, पण लवंगेचा मागमूस नाही. मिक्सरमधून काढून कोमट पाण्यात कालवलं तर चिकट लगदा झाला. चमचा उभा राहील इतका. डिस्टिलरीवाले रायच्या मॅशला (आंबवण्यासाठी पाण्यात कालवलेल्या धान्याला) का वैतागतात ते तिथेच कळलं. रायमधले डिंकासारखे घटक पाणी धरून ठेवतात, वर फेसही भरपूर.

मसाल्याचा बराचसा वास पुढच्या टप्प्यांत तयार होतो. धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून काही यीस्ट लवंगेच्या जातीचा वास बनवतात, आणि खुद्द लवंगेतलं युजेनॉल ओकच्या लाकडातूनही उतरतं. म्हणजे शेत कच्चा माल देतं, पण आपण ज्याला ‘राय’ म्हणून दाद देतो त्यात यीस्ट आणि पिंप दोघांचा वाटा असतो.

या बाटलीत आणखी दोन गोष्टी आहेत. एक, स्वीट मॅश: केंटकीत बहुतेक जण आधीच्या खेपेतलं आंबट पाणी नव्या मॅशमध्ये घालतात, हे घालत नाहीत. त्यासाठी स्वच्छता कडक लागते. संस्थापकांपैकी पॅट हाइस्ट सूक्ष्मजीवांचा अभ्यासक, त्यामुळे ते जमत असावं. दुसरी, स्पिरिट पिंपात भरताना ११० प्रूफ. कायद्याची मर्यादा १२५ आहे. पाण्याचा अंश जास्त म्हणून लाकडातली साखर जास्त उतरते, आणि बाटलीत भरताना वरून कमी पाणी घालावं लागतं. तो दाटपणा मी या दोन गोष्टींच्या खात्यावर टाकतो, मातीच्या नाही.

स्थानिक धान्याला मी नावं ठेवत नाहीये. बियाण्यापासून दाण्यातल्या ओलाव्यापर्यंत शेतकऱ्याशी थेट बोलता येणं ही मोठी सोय आहे, ती चवीत दाखवता येत नाही इतकंच.

पुढची बाटली ठरली आहे: याच डिस्टिलरीची गव्हाची बर्बन. प्रमाण तेच ६४-२४-१२, फक्त रायच्या जागी गहू. तिच्यातही लवंग सापडली तर रायचं श्रेय आणखी कापावं लागेल, आणि मित्राशी नव्याने भांडावं लागेल.